सातला पोचतो, लगेच फोन करतो

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या ज्या कारखान्यात आमचे हे फिटर होते, तिथं नवं मशीन येणार होतं. ते शिकायला कंपनीनं यांना जर्मनीला पाठवायचं ठरवलं. तोवर आमच्या घरातल्या कुणी विमान जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं. मला तर बाई, तिकीट घरात आल्यापासून घास गिळवेना.

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून रात्री दोनला निघणार, फ्रँकफर्टला सकाळी सातला उतरणार. सासूबाई पिंपळगावच्या, हिशोबाला पक्क्या. म्हणाल्या, "नाशिकहून मुंबईला एसटीनं पाच तास लागत्यात, अन् जर्मनीलाबी पाचच?"

"आई, विमान हाय ते!" हे हसले. "सातला पोचतो, लगेच फोन करतो."

मीही मान डोलावली. एवढी शहाणी मी!

माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, घरातल्या बाईनं डोक्यावरून न्हायचं नाही, ही सासूबाईंची सक्त ताकीद. त्या सकाळी मी सातपर्यंत कसाबसा दम धरला. सात वाजले तशी हुश्श केलं, घर झाडलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि थंडीत ओल्या केसांनीच शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसले. आमच्याकडे फोन कुठला! यांनी वहिनींचाच नंबर नेला होता.

आठ वाजले, नऊ वाजले. एकदा फोन वाजला, मी झडप घातली, तर वहिनींचा भाऊ! मेला बोलतच सुटला. वहिनींनी टीव्ही लावला होता. बातम्यांची वेळ झाली तसा त्यांनी गुपचूप बंद केला. म्हणजे विमानाचं काही वाईट ऐकू येईल, हे त्यांच्याही मनात आलं होतं!

मग सासूबाई दारात आल्या. माझ्या केसांकडे पाहत म्हणाल्या, "न्हालीस?"

"सात वाजून गेले होते ना, आई..."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उंबऱ्याशी बसल्या, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, माझ्याच हातानं मी... पुढचं मनातसुद्धा म्हणवेना. देवा, काय करून बसले मी हे!

दुपारी बाराच्या सुमारास फोन आला.

"अगं, आत्ताच उतरलो. इथं साडेसात होतायत."

"खोटं बोलू नका! इथं दुपार झाली!" मी किंचाळले.

मग उलगडलं. तिकिटावरचे दोन आपल्या घड्याळातले होते, सात त्यांच्या. पाच तास कसले, साडेनऊ तास हवेत होते हे. मी केर काढला तेव्हा निम्म्या वाटेवर!

आता चांगलं तोंडसुख घेणार, तोच यांचा आवाज बारीक झाला. "अगं, रात्रभर खुर्चीचा दांडा सोडला नाही मी. एकदा तर विमान असं धाडकन खाली गेलं..." मग फोनवर नुसती खरखर. "परत यायलाही त्यातच बसावं लागेल का गं?"

चार यंत्रं उघडून परत जोडणारा माझा नवरा, लहान पोरासारखा विचारत होता. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत फोन कटला.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सुखरूप हाय ना गं?"

"हो आई, मजेत आहेत," मी म्हणाले, आणि परतीचं विमान किती तासांचं, ते आतापासूनच बोटांवर मोजू लागले.