सूतभर जाड

मरोळच्या कारखान्यात मी लेथवर मशीनच्या दांड्यावर बसणारे बुश काढायचो आणि तपासणीवरचा माझा दोस्त ते मापून पास करायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही समोरच्या हॉटेलात एकाच बाकड्यावर बसायचो. तिथं वडा मागितला की भजी यायची, आणि चुकून वडा आलाच तर काल खारट, आज कच्चा. माझं टाळकं सटकायचं. तो मात्र सारखा पाय हलवत बसायचा, त्याने अख्खं बाकडं हलायचं. वडा दोन बोटांत धरून "सूतभर जाड झालाय," म्हणायचा आणि गपचूप खायचा.

एकदा वड्यात मीठच नव्हतं. मी ओरडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब ना यार, चार दिवस झाले, आचाऱ्याचं जास्तच बिघडतंय," आणि उठून भट्टीपाशी गेला. आचाऱ्याशी हळू आवाजात बोलून परत आला.

"बायको निघून गेलीय त्याची. खा."

त्या दुपारी त्याने माझे सगळे बुश नापास करून बाजूला काढले. ओरडला नाही. एक बुश माझ्यासमोर धरून विचारलं, "घरी काय झालंय रे?"

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"कुठं काय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोच बुश पुन्हा मापला.