जयवंतचं अळणी अंग

पाचव्या फेरीला जयवंतचे दंड उतरायचे. चार फेऱ्या बार उचलेपर्यंत अंगात रक्त असं भरायचं की कातडी टरारून यायची. पाचवीला बार तोच, माणूस तोच, पण फुगलेलं सगळं ओसरून जायचं. स्पर्धेच्या तयारीला लागल्यापासून महिनाभर हेच चाललं होतं. काळाचौकीची शरीरसौष्ठव स्पर्धा आठ दिवसांवर आलेली. तिशीला टेकलेल्या जयवंताला ठाऊक होतं, यंदा नाही तर कधीच नाही.

व्यायामशाळेत सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं दूध वाढव, कोणी म्हणालं बायकोला गावी धाड. उस्ताद कुशाबा साताऱ्याकडचे. त्याच्या निथळत्या पाठीवरून बोट फिरवून त्यांनी जिभेला लावलं.

"मीठ खातोस का रं?"

जयवंतने मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी, छपन्नच्या जानेवारीत, गिरणीत शेजारच्या मागावरचा दौलत गोळीबारात गेला. त्याच्या तेराव्याला जयवंत बोलून बसला होता, मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मिठाला शिवणार नाही. तेव्हापासून भात अळणी, आमटी अळणी, सुका बांगडा तर बंदच. मागखात्यातल्या दमट उकाड्यात आठ तास घाम गाळून तो तसाच लोखंडाला भिडत होता. रखमा, त्याची बायको, रोज ताट वाढताना म्हणायची, "तुमी मीठ सोडलात म्हणान मुंबय मेळतली काय?"

कुशाबांनी बोट धोतराला पुसलं. "आठ दिस खा. देवाला अडचण सांगता येती."

"देवाला नाय सांगितलं, उस्ताद. दौलतच्या आईला सांगितलंय."

दौलतची आई आनंदीबाई जयवंतच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायची. कुशाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी पडद्यामागे त्याच्याकडून मोजून चारच फेऱ्या करून घेतल्या, अंगाला तेल चोळलं आणि पाचवी सुरू व्हायच्या आत त्याला दिव्याखाली ढकललं. पहिल्या दोन पवित्र्यांना मंडप दणाणला. तिसऱ्याला दंड सैल पडताना जयवंताला आतूनच कळलं. बक्षिसं तिघांना होती, तो चौथा आला. कुशाबांनी फडक्याने त्याचं तेल पुसलं आणि फडकं घडी घालून ठेवलं.

साठ साली मुंबई मिळाली. लालबागभर गुलाल उधळला. जयवंतचं अंग तोवर चारचौघांसारखं झालं होतं. दुपारी आनंदीबाई सुरमईचं कालवण घेऊन दारात आली.

"खा रे झिला. मीठ घातलंय."

पहिला घास त्याला खारट जहर लागला. इतक्या वर्षांत जीभच बदलली होती. पण ती समोर फतकल मारून बसली होती, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने वाटी संपवली आणि अजून थोडं मागितलं.