अक्षतेशिवाय आलेली पत्रिका

पुलगावच्या बाजारात अनुसयाबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगडी भरताना समोरच्या बाईचं मनगट दुखू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि आपल्याला कुणी दुखवलं तर विसरायचं नाही, हाही.

२००६च्या उन्हाळ्यात प्रफुलच्या इंटरनेट कॅफेत त्यांना ओळखीच्या मधुकररावांच्या नावानं ई-मेल आला. 'मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका पाहायला पासवर्ड टाका.' लग्नाची पत्रिका न उघडता ठेवणं अशुभ! बाईंनी टाकला. पत्रिका काही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेलबॉक्सही उघडेना. त्यात धाकट्या बहिणीची, रीताची, कुवेतहून आलेली बासष्ट पत्रं होती. रीता आदल्या वर्षीच वारली होती.

संध्याकाळी वडनेरहून मैत्रिणीचा, कमलाबाईंचा, फोन आला.

"अनुसया, तुह्या नावानं मेलवर पत्रिका आली. लग्न कोनाचं वं? तुले तं लेकरूच नाई!"

"पत्रिका उघडली का तू?"

"पासवर्ड मांगून राह्यली. आमचा पोरगा प्रेमदास टाकूनच राह्यला..."

"हात धर त्याचा! चोर हाय तो!"

कॅफेत प्रफुलनं हात टेकले. "काकू, तो कुठं बसला हाय, कोनाले ठाऊक? कसा पकडता?"

"पकडत नाई. उपाशी मारीन त्याले."

बाईंनी हातानं लिहिलेल्या ई-मेल पत्त्यांच्या वहीत सतरा नावं होती. चार दिवस दुकान बंद ठेवून बाई एसटीनं दारोदार फिरल्या. प्रत्येकाच्या तळहातावर हळदीचे तांदूळ ठेवले. "माह्यं निमंत्रण असं येते, दारात. मशीनवर आलं तं आधी मले फोन लावजो. पासवर्ड सख्ख्या भावालेही देजो नोको." मधुकररावांचाही मेलबॉक्स चोरीलाच गेला होता. त्यांची मुलगी सातवीत होती.

दिवाळीनंतर बाईंच्या नावानं पुन्हा पत्रिका सुटली. दुकानातला फोन दिवसभर वाजत राहिला. "अनुसयाबाई, अक्षत नाई आली!" दर फोनला बाई वहीतलं एक नाव खोडत. सतरावा फोन कमलाबाईंचा. "न उघडताच पुसली वं!"

"मर मेल्या उपाशी," बाई दात खाऊन म्हणाल्या आणि समोर बसलेल्या नवरीचं मनगट हाती घेतलं. हिरवी बांगडी तिच्या हातातच तडकली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"दुखलं का गं, रीता?" बाईंनी विचारलं. पोरीचं नाव रूपाली होतं.