टेबलाशी जेवलेला माणूस

माझ्या सासूबाईंचं माहेर म्हणजे जेमतेम पन्नास उंबऱ्यांचं जर्मन खेडं, वाइडनरोडे. एक चर्च, एक बेकरी, फायर ब्रिगेडचा स्वतःचा बँड. कापणी संपली की सगळं गाव एकाच मांडवात जेवायचं. कोणाची गाय व्यायली हे दुपारच्या आत सगळ्यांना ठाऊक व्हायचं.

त्यांचं मूळ नाव लीझेलोट. १९५८ साली त्या नर्सिंग शिकायला इंग्लंडला आल्या. हॉस्पिटलात डॉ. शशिधर पाळेकर भेटले आणि लग्नानंतर त्या लीला झाल्या. माझ्या आजेसासूबाई दोन वर्षं इंग्लंडमध्ये मेडनहेडला येऊन राहिल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी सुनेला मराठी पक्कं शिकवलं. माझा नवरा नकुल इथेच जन्मलेला. तो बिनदिक्कत "माझा आई" म्हणायचा आणि आई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "माझी. चाळीस वर्षांचा घोडा झालास, अजून माझी म्हणता येत नाही?"

२००३च्या फेब्रुवारीत वाइडनरोडेहून पत्र आलं. गावाला आठशे वर्षं होत होती. गावाचा इतिहास छापायचा होता, आणि बाहेर गेलेल्या लोकांकडून लहानपणीच्या आठवणी हव्या होत्या. आईंनी दोन आठवडे लावून चार पानं लिहिली. पाकीट बंद करण्याआधी मला समोर बसवलं.

"रश्मी, हे मी शशिधरलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो गेला, आता तू ऐक."

१९४४ साल. आई आठ वर्षांच्या. त्यांच्या शेतावर स्ताशेक नावाचा पोलिश माणूस होता. पोलंडमधून धरून आणलेला, छातीवर 'पी' अक्षराचा कापडी तुकडा. अशा माणसांना घरच्यांबरोबर जेवू द्यायला बंदी होती. पण आईंच्या आजीनं त्याला पहिल्याच आठवड्यात टेबलाशी बसवलं. त्याला गावाकडे चार वर्षांची मुलगी होती. तो आईंना ब्रेडचे पातळ तुकडे कापून द्यायचा आणि मुलीचं नाव सांगायचा, हान्या.

शाळेत एकदा मास्तरांनी विचारलं, तुमच्या घरी जेवायला कोण कोण बसतं? आईंनी बोटं मोजत सगळ्यांची नावं सांगितली. स्ताशेकचंही. मास्तरांनी वर्गासमोर पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नाझी पक्षाची माणसं घरी आली. त्यांनी वडिलांना विचारलं, हा टेबलाशी बसतो का? वडील म्हणाले, छे, बसवतो कोण? तो चोर आहे, आमच्या स्वयंपाकघरात घुसून मांस चोरतो. घरच्यांपैकी कोणी काही बोललं नाही. आठ दिवसांनी गावाबाहेरच्या झाडाला स्ताशेकला फाशी दिलं आणि आसपासच्या सगळ्या पोलिश मजुरांना त्याच्यासमोरून चालत नेलं. गावातले लोकही बघायला गेले होते. बेकरी त्या दिवशी उशिरा उघडली.

"मी सांगितलं म्हणून तो गेला," आई म्हणाल्या.

"आई, तुम्ही आठ वर्षांच्या होतात."

"हो. हे सगळे म्हणतील. म्हणून कोणाला सांगत नव्हते."

पत्र गेलं. संपादक मंडळानं आभाराचं कार्ड पाठवलं, आणि ऑगस्टच्या समारंभाचं आमंत्रण. नकुलला सुट्टी नव्हती, म्हणून आईंबरोबर मी गेले.

मांडव भरलेला होता. बँड वाजत होता. प्रत्येकाच्या जागेवर नवं कोरं पुस्तक ठेवलेलं. आईंनी आपलं पान काढलं. वाचून झाल्यावर बराच वेळ त्यांनी बोट त्या ओळींवरच ठेवलं.

"काय लिहिलंय?"

त्यांनी मराठीत सांगितलं. "युद्धाच्या दिवसांतही आमच्या गावात माणुसकी होती. आमच्या शेतावरचा परदेशी मदतनीस आमच्याच टेबलाशी जेवायचा. माझ्यासाठी तो ब्रेड कापायचा." मग पुस्तक मिटलं. "बस. खाली माझं नाव."

जेवणाआधी महापौरांनी "इंग्लंडहून आलेली आपली लेक" म्हणून त्यांना स्टेजवर बोलावलं. टाळ्या झाल्या. आईंनी माइक हातात घेतला आणि उरलेली साडेतीन पानं तोंडपाठ बोलायला लागल्या. मला शब्द कळत नव्हते. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ताटाकडे बघायला लागल्या, तेवढं दिसलं. स्ताशेकचं नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा आईंचा धाकटा भाऊ डीटर स्टेजवर चढला. त्यानं हसत हसत त्यांच्या हातून माइक काढून घेतला आणि काहीतरी बोलला. मांडवात हशा पिकला. बँड सुरू झाला.

आई खाली आल्यावर मी विचारलं, तो काय म्हणाला?

"म्हणाला, माझी बहीण इतकी वर्षं परदेशात आहे, जर्मन विसरली. भलतंच बोलते."

निघताना डीटर आमच्या भाड्याच्या गाडीपाशी आला. शेत आता त्याच्या मुलाकडे होतं. तो खालच्या आवाजात बोलत होता आणि आई एकेक वाक्य मला मराठीत सांगत होत्या, हॉस्पिटलात परक्या पेशंटचं सांगावं तशा. "म्हणतो, बाबांनी घर वाचवलं. म्हणतो, त्यांच्या नावाला काळं फासायला आलीस. म्हणतो, तोंड तू उघडलंस, बाबांनी नाही. लाज वाटायची तर कोणाला वाटायला हवी?" मग त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, पुन्हा येऊ नकोस."

त्यानंतर नाताळची कार्डं बंद झाली. भाच्यांनी फोन उचलणं सोडलं.

पण आई गप्प बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि मेडनहेडमध्ये पोलिश दुकान निघालं. तिथल्या बोझेना नावाच्या बाईंशी त्यांनी ओळख काढली. स्ताशेकचं आडनाव आणि गाव आईंना आठवत होतं. बोझेनानं तिथल्या चर्चला पत्रं लिहिली. दीड वर्षानं कळलं, हान्या जिवंत आहे. मग आईंनी तिला सगळं लिहिलं, शाळा, मास्तर, वडिलांचं खोटं, काही न वगळता.

मी म्हटलं होतं, "तुमचं मन हलकं होईल, पण तिचं काय?"

"तिला हक्क आहे," त्या म्हणाल्या. त्यावर मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

उत्तर २००६च्या मार्चमध्ये आलं. बोझेना दुपारी आमच्या किचनमध्ये बसून इंग्लिशमध्ये वाचून दाखवत होती. मध्येच ती अडखळली.

"वाच," आई म्हणाल्या. "सगळं वाच."

हान्यानं लिहिलं होतं: "आम्हाला सांगितलं होतं की वडील तापानं गेले. आई त्यावर विश्वास ठेवून मेली, मीही ठेवला. आता मी सहासष्ट वर्षांची आहे आणि डोळे मिटले की मला झाड दिसतं. तुम्ही लहान होतात, हे मला समजतं. पण माझ्या वाटणीचा ब्रेड ते तुम्हाला कापून देत होते, हे तुम्ही मला का कळवलंत? तुम्हाला माफी हवी आहे. माझ्याकडे नाही. पुन्हा लिहू नका."

बोझेना रडायला लागली. आईंनी तिला पाणी दिलं. पत्राची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस."

मी चहाला आधण ठेवलं.

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. तीन वर्षांनी, २००९च्या मेमध्ये, त्या हॉस्पिटलात वारल्या. शेवटचे चार दिवस त्या फक्त जर्मन बोलत होत्या, आणि आमच्या घरात ते कोणालाच येत नव्हतं. नकुल कॉटशी बसून विचारत राहिला, "आई, काय पाहिजे? मराठीत सांग ना." त्या त्याच्याकडे बघत होत्या, भरभर बोलत होत्या, काहीतरी मागत होत्या. आम्ही पाणी दिलं, उशी बदलली, खिडकी उघडली. ते नव्हतं. काय होतं ते आम्हाला कळलं नाही.