थांबलं, असं आम्ही मानलं

देवस्थानांच्या बातम्या मी अनेक वर्षं तपासत आलो आहे. कुणाचा आजार बरा झाला, कुणाला मूल झालं, असा मजकूर आला की मी त्याच्या शेवटी ‘अशी भाविकांची श्रद्धा आहे’ एवढे शब्द जोडतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. स्वतः मी भाविक होतो की नव्हतो, हे मला त्या हिवाळ्यापर्यंत नीट सांगता आलं नसतं. घरातल्या देवाला हात जोडायचे, पण मागायचं काही नाही, असा माझा रिवाज होता. पुढे जे घडलं त्यात चमत्कार होता की नाही, याची चर्चा मी करणार नाही. घडलं ते क्रमाने सांगतो. त्यातला बराच भाग माझ्या चुकीचा आहे.

सई तेव्हा पाच वर्षांची होती. माझी पत्नी रेखा शहागंजमधल्या एका शाळेत शिकवते. सकाळी सातला घराबाहेर पडते. माझं काम संध्याकाळी सुरू होतं आणि अंक छपाईला गेल्यावर संपतं, त्यामुळे सकाळी मी अंथरुणात असतो. सई आणि मी, असे दोघंच घरी. दिवाळीनंतर एका सकाळी तिने न्हाणीघरातून हाक मारली, “बाबा, लाल आलं.” आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर होती. मी तेच कारण धरलं. आठवड्याने पुन्हा हाक आली, तेव्हा बीट नव्हतं. शौचाच्या शेवटी दोन-चार थेंब, लालभडक. तिला दुखत मात्र काहीच नव्हतं.

आम्ही तिला डॉक्टरांना दाखवलं. मुलांमध्ये शौच कडक होऊन चीर पडते, बहुतेक वेळा तेच असतं, असं त्यांनी सांगितलं. पोट साफ राहण्याचं औषध दिलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आणायला बजावलं. रक्त थांबलं नाही तर आत काय आहे ते बघावं लागेल, हेही सांगितलं. सल्ला योग्य होता. आम्ही पुन्हा गेलो नाही.

हाका मात्र येत राहिल्या. एखाद्या आठवड्यात दोनदा, एखाद्या आठवड्यात एकदाही नाही. एका सकाळी झोप मोडली म्हणून मी वैतागलो. “रोज रोज तेच काय सांगतेस, सई? औषध चालू आहे ना? लाल आलं की पाणी ओत आणि ये बाहेर.” आवाज चढलेला होता. पाणी ओतल्याचा आवाज मी पांघरुणातून ऐकला.

त्याच दिवशी दुपारी, कदाचित स्वतःचीच लाज वाटून, मी आयुष्यातला पहिला नवस बोललो. रक्त थांबलं तर सईला घेऊन वेरूळला येईन, घृष्णेश्वराला अभिषेक करीन. कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर हाक आली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना होत आला. मी रेखाला सांगितलं, थांबलं.

“तू बघितलंस?” तिने विचारलं.

“आलं असतं तर तिनं सांगितलं असतं.”

“तरी एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. त्यांनी बोलावलं होतं.”

“आता कशाला? त्यापेक्षा वेरूळला जाऊ.” मग मी तिला नवसाचं सांगितलं. मी नवस बोललो यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. बसल्यावर मात्र तिने पुढे विचारलं नाही. माझ्या नव्या श्रद्धेला तिने मान दिला, असं आज वाटतं.

त्या महिन्यात सई जिना चढताना मध्येच बसायची. उचलून घे म्हणायची. पाटीवरची पेन्सिल खाताना रेखाने तिला दोनदा पकडलं. या सगळ्या गोष्टी आम्हाला माहीत होत्या. एकमेकींशेजारी ठेवून मात्र आम्ही त्या पाहिल्या नाहीत. रोज दहा ठिकाणांहून आलेले तुकडे जोडून बातमी करणं हेच माझं काम आहे.

माझी सुट्टी सोमवारी असते. रेखाने रजा घेतली आणि आम्ही सकाळीच निघालो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं. मी सदरा खांद्यावर टाकला, सईला कडेवर घेतलं. रेखा बायकांच्या रांगेत गेली. रांग हळूहळू सरकत होती. सई माझ्या उघड्या छातीला चिकटून होती, आणि काही वेळाने मला जाणवलं की तिचं काळीज फार जोरात चाललंय. पळून आलेल्या मुलाचं चालतं तसं. ती तर एक पाऊलही चालली नव्हती. अंगात सदरा असता तर ते मला कळलं असतं का, मला सांगता येत नाही.

माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते. उघडं अंग, गळ्यात काळा दोरा, समोरचा एक दात पडलेला. ते बराच वेळ सईकडे बघत होते.

“काय ओ साहेब, लेकराला बी सोमवार धरायला लावलाय का?”

“नाही, नाष्टा करून आलोय.”

“मग असं पांढरं फटक का पडलंय?” त्यांनी सईचा तळवा हातात घेतला, आपल्या तळव्याशेजारी धरला. मग सराईतपणे तिच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढून पाहिली. “रक्त नाय हो ह्या लेकरात.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“डॉक्टर कशाचा. करमाडचा हाय मी, शेती करतो. नातवाला दर महिन्याला रक्त चढवावं लागतंय. चार वर्सं झाली, मीच घेऊन जातो. हा रंग मला लांबून वळखू येतो. कुठून रक्त जातंय का पोरीचं?”

“जात होतं, शौचावाटे. आता थांबलंय. म्हणूनच नवस फेडायला आलोय.”

“थांबलं कुणी सांगितलं?”

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. सईच्या चेहऱ्याजवळ वाकून त्यांनी हळू विचारलं, “माय, शी करताना लाल येतं का गं अजून?”

सईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. “येतं. पण सांगायचं नसतं. पाणी ओतायचं.”

गाभारा चार-पाच माणसांवर आला होता. माझ्या हातात बेल, फुलं, दुधाचा तांब्या असं ताट होतं. मी तसाच उभा राहिलो. नवस अर्धा टाकून फिरावं की दोन मिनिटं थांबून पुरा करावा, असा विचार त्या क्षणीही माझ्या मनात आला, हे मला लिहिलं पाहिजे. म्हाताऱ्यांना ते दिसलं असावं.

“देव कुठं पळून चाललाय? हितंच ऱ्हातोय तो. ताट आणा इकडं. मी वाहतो पोरीच्या नावानं. नाव काय म्हनले?”

“सई.”

“जावा आता. गाडी लई दामटू नका, पर मधी कुठं थांबू बी नका.”

मी रांगेतून बाहेर पडलो. रेखाला शोधून काढलं. खुलताबाद, दौलताबाद मागे टाकत थेट शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. सदरा मी उलटा घातला होता, हे तिथल्या परिचारिकेने सांगितलं.

सईचं हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं. बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “शेवटचं रक्त कधी दिसलं?” कधी, किती, कितीदा, हे प्रश्न मी रोज वार्ताहरांना विचारतो. उत्तर सईने दिलं. “काल. आणि डब्यात शिरा होता त्या दिवशी. आणि पतंगाच्या दिवशी पुष्कळ.”

त्याच दुपारी रक्त चढवायला सुरुवात झाली. बाईंनी शांतपणे समजावलं. लहान मुलांच्या शौचात रक्त दिसलं की कारणं अनेक असतात. चीर असते, आव असते. कधी आतड्यात आतडं शिरतं, तेव्हा मूल कळवळून रडतं आणि तास मोजायचे असतात. कधी आतड्याला जन्मापासून एक छोटी पिशवी असते. आणि कधी आत मांसाचा कोंब वाढतो, तो दुखत नाही, नुसता झिरपत राहतो. “दुखत नाही म्हणूनच लोक सोडून देतात,” त्या म्हणाल्या. सईला तो कोंबच होता. तीन दिवसांनी भूल देऊन, दुर्बिणीतून तो काढला. तपासणीचा अहवाल साधा आला, कर्करोगाचा काही संबंध नाही. हा मुलांमध्ये आढळणारा आणि बहुधा पूर्ण बरा होणारा आजार आहे. वेळेवर गेलो असतो तर रक्त चढवण्याची वेळ आली नसती, हे बाईंनी मी विचारल्यावरच सांगितलं.

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. माणूस भेटला की नाव, वय, गाव लिहून घेणं ही माझी सवय, आणि त्या दिवशी फक्त गाव कळलं, तेही त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून. दोनदा करमाडला जाऊन आलो. रक्त चढवावं लागणाऱ्या नातवाचे आजोबा, एवढ्या खुणेवर ते सापडले नाहीत. आता जात नाही. त्यांच्या नातवासाठी रोज हात जोडतो. कृतज्ञता पोचवायला माझ्याकडे दुसरा पत्ता नाही.

सईच्या गालांवर रंग परतला. ती जिना धावत चढते. मात्र गेल्या महिन्यात तिची दाढ दुखत होती. ते तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं आणि वर म्हणाली, “बाबांना सांगू नको.”

रेखाने मला हे सांगितलं तेव्हा मी पुन्हा नवस बोललो नाही. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे काय, याची माझी समजूत फार सोयीची होती. जे मी उठून बघायला हवं होतं, ते मी त्याच्याकडे ढकललं होतं. त्याने ते कुणाच्या तरी हातून परत माझ्याकडे पाठवलं, एवढी कृपा मला पुरेशी आहे. सईने माझ्याशी पूर्वीसारखं बोलावं, हे मागायचा मला हक्क नाही, आणि ते माझ्या हातातही नाही. आता रेखा निघाली की मी उठतो आणि सईच्या बाजूला बसून राहतो. विचारत काही नाही. ती दूध पिते, पायांची चाळवाचाळव करते, कधी माझ्याकडे बघते, कधी खिडकीकडे. काल म्हणाली, “बाबा, तू झोप ना.” मी म्हटलं, झोप झाली माझी. ती हसली नाही, पण उठूनही गेली नाही.