परीक्षेत गाणारी ऊबाह

आमच्या धुलाईघरात पहिल्यांदा येणारा माणूस बिचकतो. अख्ख्या रुग्णालयाच्या चादरी, झगे, टॉवेल तिथे येतात, आणि ती राक्षसी यंत्रं एकदा फिरायला लागली की शेजारच्या बाईला हाक मारायची तरी घसा फाडावा लागतो. ऊबाह तिथे ओरडत नसे, गात असे. खड्या, मोकळ्या आवाजात. यंत्रांच्या घरघरीवर तिचा आवाज चढायचा आणि तिच्या तालावर आमचे हात चादरींच्या घड्या घालायचे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ज्या बाईने पुढे तिच्यावर लबाडीचा ठपका ठेवला, तिने हे गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असतं तरी त्या डोक्यात काही शिरलं असतं असं मला वाटत नाही.

मी निमो. मीही सोमालीच. ब्रिस्टलच्या ईस्टन भागात आम्ही एकाच जिन्याला राहतो, ती वर, मी खाली. माझं नागरिकत्व कधीच झालं होतं, पण ऊबाहचं राहून गेलं. आधी नवरा म्हणायचा, घाई काय आहे. मग नवराच बर्मिंगहॅमला दुसरा संसार थाटायला निघून गेला, आणि ही दोन दोन पाळ्या करून मुलांना वाढवण्यात बुडाली. पुस्तक घेऊन बसायला वेळ कुणाला होता?

मग तिकडे मायदेशी, बुराओत, तिची आई पडली. दाहाबो तिचं नाव. खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. अंगणातसुद्धा तिला चौघांनी उचलून न्यावं लागे, तेव्हा ती विमानात बसून दुसऱ्या देशात येणं शक्यच नव्हतं. जायचं तर ऊबाहनेच. आणि ऊबाहकडे होतं निर्वासितांना देतात ते प्रवासाचं पुस्तक. त्यावर छापलेलं असतं की हे सगळ्या देशांसाठी चालेल, सोमालिया सोडून. म्हणजे जगभर हिंड बाई, फक्त आईकडे जाऊ नकोस. ब्रिटिश पासपोर्ट मिळाला तर जाता येईल, आणि त्यासाठी आधी नागरिकत्वाची ती परीक्षा.

परीक्षेच्या पुस्तकाबद्दल मी बोलायला लागले की माझा मुलगा खोलीतून उठून जातो, तरी बोलते. लंडनला आग कधी लागली, कुठल्या राजाने कुठल्या राजाला कुठे हरवलं, कुठल्या संताचा दिवस कुठल्या महिन्यात, रविवारी मांसाबरोबर काय खातात! मेलेल्या म्हाताऱ्यांच्या चादरी आम्ही धुतो, त्या कशा धुवायच्या हे त्यात कुठे नाही. आजारी पोर घेऊन डॉक्टरांची वेळ कशी मिळवायची, तेही नाही. त्यात राजे आहेत.

ऊबाहला इंग्रजी बोलायला उत्तम येतं. ट्रकवाल्यांशी ती अशी भांडते की ते माफी मागून जातात. पण वाचायचं म्हटलं की अक्षरं तिच्यापुढे खिळून बसतात. लढाईत शाळा जळाली, ती पुन्हा भरलीच नाही. आमच्याकडे मात्र पाठ करायला कागद लागतोच कुठे? लग्नात, बारशात, भांडणात, आमच्या बायका बुरांबुर म्हणतात. एक अक्षर धरायचं आणि ते ओळीमागून ओळ सोडायचं नाही, हाताने टाळी आणि पायाने ठेका. आणि बुराओत दाहाबोइतकी पक्की बुरांबुर रचणारी दुसरी नव्हती.

मी पुस्तक वाचून दाखवायची, ऊबाह फोनवरून आईला सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी आईचा आवाज फोनवर यायचा, प्रकरण बांधून तयार. पडल्या पडल्या म्हातारी इंग्लंडचा इतिहास रचत होती. सहा बायकांच्या राजाचं प्रकरण आलं तेव्हा मी तिथेच बसून चहा पीत होते.

"सहा?" फोनमधून म्हातारी ओरडली. "मेल्याला चार पुरल्या नाहीत?"

"एका वेळी नाही गं होयो, एकीमागून एक," ऊबाह आईला म्हणाली. "दोघींची तर मानच कापली."

"कुणी?"

"त्यानंच. राजानं."

"आणि त्या पोरींचे भाऊ काय बांगड्या भरून बसले होते?"

"पुस्तकात भावांचं काही नाही."

"बाई गं," म्हातारी म्हणाली, "असल्या माणसांत जायला तू परीक्षा देतेस?" आणि दुसऱ्या दिवशी तिने पाठवलं. सोमालीतला ठसका मला इथे आणता येणार नाही, पण साधारण असं होतं:

काय कमी होतं राजा तुला, का कापलीस कोवळी मान?
कुणाच्या कुशीतली कन्या ती, कधी ठेवलंस त्याचं भान?

पुढे सहाही जणींची नावं ओवलेली होती, क्रमाने. धुलाईघरात ऊबाहने ते गायलं तेव्हा पोलंडची आमची मुकादमीणसुद्धा टाळी धरून उभी राहिली.

वाचनालयात शनिवारी शिकवणी असे. शिकवायला वर्समे मास्तर, मोगादिशूत मोठ्या शाळेत होते ते. ऊबाहने तिथे एका प्रश्नाचं उत्तर गाऊन शोधलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही परीक्षा आहे, वरात नव्हे. मनातल्या मनात म्हण."

"मास्तर, मनातल्या मनात ते चालतच नाही," ऊबाह म्हणाली. "पहिली ओळ तोंडातून निघाली की दुसरी आपोआप येते. तोंड मिटलं की सगळं मिटतं."

"मग हळू म्हण."

हळू म्हणेन, असं तिने कबूल केलं.

शहराबाहेरच्या एका इमारतीत परीक्षा होती. मी सोबत गेले. दारातच तिचे खिसे उलटे केले, बाह्या वर करायला लावल्या, मग आत नेऊन डोक्यावरचं काढायला लावून कान तपासले, कानात काही यंत्र लपवलंय का म्हणून. ज्या डोक्याच्या आत सगळं होतं ते डोकं त्यांनी बाहेरून तपासलं! मला वरच्या पायरीवर बसवून ठेवलं. वाचायला अडचण असणाऱ्यांना प्रश्न ऐकवतात, म्हणून ऊबाहला हेडफोन दिले होते. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण कानावर ते जाड झाकण चढवलं की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ना त्यांच्या, ना आमच्या.

तिला वाटलं, आपण ओठांत पुटपुटतोय. मी दोन दारांपलीकडून तिला ऐकलं. आधी लंडनची आग, मग राजा. धुलाईघरातला आवाज, तसाच्या तसा. टेबलावर बोटांचा ठेकाही होता. मी उठून उभी राहिले, पण आत जाता येईना.

दार उघडलं. गळ्यात ओळखपत्राची दोरी घातलेली एक बाई ऊबाहला दंडाला धरून बाहेर आणत होती. ऊबाहच्या गळ्यात हेडफोनची तार तशीच लोंबत होती.

"इतरांना अडथळा होत होता," ती बाई मला अगदी गोड आवाजात म्हणाली. "शिवाय त्या कुणाला तरी उत्तरं सांगत होत्या."

"कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"ते मला कसं कळणार?"

"भाषा कळत नाही, मग उत्तरं आहेत हे कसं कळलं?"

"मॅडम, आवाज चढवू नका. नियम आहे."

"अहो, ती आठवत होती! आमच्याकडे असंच आठवतात."

"नियम आहे," ती पुन्हा म्हणाली. इतका गोड आवाज मी पुन्हा कुठे ऐकला तर मी त्या माणसाच्या अंगावर धावून जाईन, हे इथे लिहून ठेवते.

ऊबाह बसमध्ये एवढंच म्हणाली, "सगळी उत्तरं येत होती गं मला, निमो. एक सोडून सगळी."

लबाडीचा संशय, म्हणून चौकशी. चौकशी संपेपर्यंत दुसरी तारीख नाही. थंडी सुरू झाली आणि संपत आली, तरी त्यांची चौकशी चाललेलीच. कशाची चौकशी करत होते देव जाणे! बुराओला माणूस पाठवून म्हातारीला विचारायचं होतं का? वर्समे मास्तर "मी सांगितलं होतं" म्हणाले तेव्हा मी त्यांना जिन्यातच फाडून खाल्लं. पण मग त्यांनीच आमच्या बाजूने पानभर लिहून दिलं, बुरांबुर म्हणजे काय, आमच्या आज्या शेकडो ओळी कशा तोंडात ठेवायच्या, सगळं. तेव्हा त्यांच्यावरचा निम्मा राग मी सोडून दिला. निम्मा अजून आहे.

म्हातारी फोनवर आधी हसली. "एवढ्या मोठ्यानं? शाबास! माझीच पोरगी." मग म्हणाली, "लवकर कर बाई. मला आता रात्र कुठली आणि सकाळ कुठली कळेनासं झालंय."

ऊबाहने तोंड मिटून आठवायचा सराव केला. कसा? तोंडात पाण्याचा घोट धरून. मी प्रश्न विचारायची आणि ती गाल फुगवून बसायची. पहिल्या दिवसांत तर पाणी माझ्या अंगावर फुस्सकन यायचं आणि आम्ही दोघी हसून लोळायचो. पण मला तेव्हाही आतून संताप येत होता. चांगल्या गळ्याच्या बाईला मुकं व्हायला शिकवत होते मी, माझ्याच स्वयंपाकघरात बसून.

अखेर संशय मागे घेतला. दिलगिरी वगैरे काही नाही, फक्त नवी तारीख. आत पाणी नेऊ देत नाहीत, म्हणून ऊबाहने डोक्यावरच्या ओढणीचं टोक दातांत घट्ट धरलं आणि तसाच सगळा पेपर दिला. पास झाली. बाहेर आली तेव्हा टोक चावून चावून फाटलं होतं आणि दातांत धागे अडकले होते.

मग अर्ज, आणि पुन्हा वाट पाहणं. रमजान आला. म्हातारीने फोनवर विचारलं, "ईदला येशील ना?" ऊबाह म्हणाली, "या ईदला नाही, पुढच्या महिन्यात नक्की."

ईद झाली आणि चौथ्या दिवशी म्हातारी गेली. दुपारच्या आत तिला मातीही दिली. भाच्याने फोन उंच धरला होता, पण चित्र सारखं अडकत होतं. ऊबाहला आईचा जनाजा दिसला तो एवढाच, माणसांच्या पाठी आणि धूळ. आम्ही तिच्या घरी कुराण वाचायला बसलो. कोणी म्हणालं, अल्लाहची मर्जी. असेल. पण पहिल्याच वेळी तिला पेपर पुरा करू दिला असता तर त्या रमजानचे रोजे दोघी मायलेकींनी एका चटईवर सोडले असते. ते अल्लाहच्या नावावर ढकलायला मी तयार नाही.

त्यानंतर ऊबाह धुलाईघरात गायली नाही. नुसती यंत्रं ऐकू यायची. मुकादमीण मला खुणेने विचारायची आणि मी मान हलवायची.

उन्हाळ्यात शपथविधीचं बोलावणं आलं. ऊबाह म्हणाली, "कशाला जाऊ आता?"

"कबरीवर जायला तरी तोच कागद लागतो," मी म्हटलं. "चल."

सभागृह सजवलेलं होतं. झेंडे, राजाची तसबीर, कडेला चहा आणि केक. नव्या कपड्यांतली माणसं रांगेने उभी होती, आणि समोर एक अधिकारी बाई, हसऱ्या, चांगल्या वाटणाऱ्या. शपथ म्हणायच्या आधी त्या म्हणाल्या, "सर्वांनी मोठ्यानं म्हणायचं हं! नुसते ओठ हलवलेले चालणार नाहीत. प्रत्येकाचा आवाज मला ऐकू आला पाहिजे."

मी मागच्या रांगेतून ऊबाहकडे पाहिलं. तिच्या ओढणीचं टोक दातांत होतं. सवयीने गेलं असेल.

सगळे म्हणायला लागले. अधिकारी बाई रांगेतून फिरत तिच्यापुढे येऊन थांबल्या आणि मायेने म्हणाल्या, "लाजू नका. आवाज येऊ द्या."

ऊबाहने दातांतलं टोक काढलं. शपथ म्हटली, यंत्रांवर चढायचा त्या आवाजात. शेजारच्या बाईचं मूल दचकून रडायला लागलं. शपथ संपली, बाकीचे थांबले, ऊबाह थांबली नाही. तिने टाळी धरली आणि राजाच्या तसबिरीकडे बघत आईचं बुरांबुर उचललं, काय कमी होतं राजा तुला. सहाही जणींची नावं घेतली. कुणाच्या कुशीतली कन्या ती, ही ओळ तिने तीनदा म्हटली, आणि तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला. मला रडू आलं नाही, मला त्या हॉलमधले सगळे झेंडे उपटावेसे वाटले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाचं गाणं वाटलं त्यांना.

"किती सुंदर!" अधिकारी बाई म्हणाल्या. प्रमाणपत्र त्यांच्या हातातच होतं. "तुमच्या देशातलं गाणं का हे?"

"नाही," ऊबाह म्हणाली. "तुमच्याच पुस्तकातलं आहे. माझ्या आईनं बसवून दिलेलं, परीक्षेसाठी. तेव्हा मी म्हणत होते, तर तुम्ही मला बाहेर काढलंत."

बाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. ऊबाहने त्यांच्या हातातलं प्रमाणपत्र काढून घेतलं, केक न खाता दाराकडे गेली, आणि तिथून मला मोठ्याने हाक मारली.