लग्नाच्या सकाळी पान मऊ पडलं

क्युबातल्या सान हुआन इ मार्तिनेसच्या शिवारात वाळलेला तंबाखू माणसाच्या सोयीने खाली उतरत नाही. कोरड्या हवेत हात लावला की पानाचा पापड होतो. हवेत ओल आली की तेच पान मऊ पडतं, आणि तेवढ्या वेळात ते उतरवून घ्यावं लागतं. अखंड राहिलं तर सिगारवर गुंडाळायला जातं, फाटलं तर चुरा होऊन सिगारच्या पोटात. वर्षभराची मेहनत या दोहोंपैकी कुठेतरी पडते.

नेरेइदा कोरदेरो यंदा ओलीची वाट पाहून थकली होती. उत्तरेचा वारा थांबत नव्हता. वखारीत टांगलेली पानं गरजेपेक्षा जास्त वाळली होती. आणखी एक कोरडा आठवडा आणि सगळा माल चुऱ्यात. शनिवारी पहाटे धुकं उतरलं. तिने एक पान मुठीत दाबलं. ते चुरचुरलं नाही, रुमालासारखं उलगडलं.

त्याच शनिवारी तिच्या मुलीचं, दानाइसीचं, लग्न होतं. दहाला गावच्या कचेरीत नोंदणी. घरात हवानाहून आलेली वरपक्षाची माणसं झोपलेली. आणि रेडिओ सांगत होता, सकाळीच धुकं फाटेल, पुन्हा उत्तरेचा वारा.

"उठा रे! पान मऊ पडलंय! उठा सगळे!"

शेजारीपाजारी धावत आले. पाहुणेही आले, लग्नाच्या कपड्यांत. नवरदेवाची आई ओदालिस निळा सॅटिनचा झगा सावरत दाराशी पोचली, तर नेरेइदाने हात आडवा घातला. पुढे वाकून तिचा गळा हुंगला.

"विहीणबाई, अत्तर लावलंय तुम्ही."

"माझ्या मुलाचं लग्न आहे! अत्तर नको तर काय, रॉकेल लावू?"

"तंबाखू वास धरतो. कुणी सिगार पेटवली आणि गुलाब दरवळला, की माल परत. पंपावर जा, मान धुऊन या."

"आणि माझा मेकअप?"

"तो असू दे. त्याला वास नाही."

अर्धं वऱ्हाड पंपाखाली उभं राहिलं. नवरदेव लेओस्बेलला तिने तीनदा परत पाठवलं. "जावईबापू, अंगात मुरलंय की काय तुमच्या?" माणसं पोट धरून हसत होती आणि हसता हसता धावत होती.

या पिकाने नेरेइदाच्या घरावर पत्रा आणला. याच पिकाच्या धुराने तिचा नवरा खोकून खोकून गेला. ती दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगते. तांदूळ आणि राजमा बाहेरून येतात, कारण चांगल्या जमिनीत दुसरं काही लावायला कुणी धजत नाही.

वखारीत हातांची साखळी लागली. पानांनी लगडलेल्या काठ्या वरून खाली येत होत्या. बायका पानं ताडाच्या विऱ्यांवर, झावळीच्या बुडच्या रुंद सालींवर, थराथराने रचत होत्या. ओदालिस दोन्ही हातांवर काठी तोलून अशी चालत होती, जणू तान्हं मूलच नेतेय.

धुकं विरायला लागलं. फळ्यांच्या फटींतून ऊन आत आलं. सगळ्यात वरची रांग अजून लटकत होती, आणि तीच सर्वांत उत्तम पानांची. तिथे दोन वाशांवर पाय फाकवून उभं राहावं लागतं. नेरेइदाचे गुडघे आता ते करत नाहीत.

दानाइसी दाराबाहेर उभी होती. शेजारणीने पहाटेपासून खपून तिचे केस रचले होते. केसांवर मारलेल्या सुवासिक फवाऱ्याचा वास अंगणभर.

"आई, वर कोण चढणार? लेओस्बेल? तो शिडीवर डोळे मिटतो."

"ए, ऐकतोय मी!" लेओस्बेल आतून ओरडला.

"तुझे केस, दानाइसी," नेरेइदा म्हणाली.

"केस वाळतील गं. पान एकदा वाळलं की संपलं."

ती पंपाकडे गेली आणि डोकं सरळ धारेखाली धरलं. ओदालिस किंचाळली. दानाइसी केस पिळत आली, वाकून आईपुढे डोकं केलं. नेरेइदाने हुंगलं आणि बाजूला झाली.

मग "घे!" आणि "दे!" एवढंच ऐकू येत होतं. शेवटची काठी खाली आली तेव्हा वारा दार आपटत होता. नेरेइदाने कडेचं एक पान चेपलं. आवाज आला नाही. "झाकाऽऽ!" ती ओरडली आणि सगळी वखार तिच्याबरोबर ओरडली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वऱ्हाड गावात पोचलं, तेव्हा दहा कधीच वाजून गेले होते. नवरीचे केस अजून ओले, बोटं चिकाने काळी. कचेरीला कुलूप.

"नोंदणीवाली गेली निघून!" ओदालिस पायरीवर बसली. "आता लग्न कधी, पुढच्या वर्षी?"

तेवढ्यात वळणावरून सायकल आली. नोंदणी करणारी मिगदालिया, केसांत पानांचे तुकडे, घामाघूम. "माफ करा, भावाच्या वखारीत होते." किल्ली शोधताना तिची नजर नवरीच्या बोटांवर गेली.

"तुमचं उतरलं?"

"सगळं," नेरेइदा म्हणाली. "वरची रांगसुद्धा."

"आमच्या दोन रांगा राहिल्यात, नदीकाठी धुकं अजून थोडं टिकलंय. सह्या पटापट करा हं."

"मग आधी तिकडेच चला," नेरेइदा म्हणाली. "सह्या काय, दुपारीही होतील. वर चढायला दानाइसी आहे." आणि ओदालिसकडे वळून म्हणाली, "उठा विहीणबाई. तुम्हाला आता पंपावर जायला नको."